जेवली का, विचारू नये

वर्ध्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लहान मुलांच्या वॉर्डात सखूबाई मडावी नावाची आया होती. तिच्यासारखं पोरांना भरवणं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला जमत नाही, असं त्या वॉर्डाचं ठाम मत होतं. हे मत पहिल्यांदा कुणी मांडलं म्हणाल, तर खुद्द सखूबाईनंच. पण हळूहळू ते सगळ्यांना पटलं, अगदी मोठ्या डॉक्टरांनाही.

मूळची हिंगणीची, बोर धरणाकडच्या जंगलाला लागून घर. नवरा जंगू वनखात्यात रोजंदारीवर. एक्क्याण्णव साली ती दवाखान्यात लागली आणि सिंदी मेघेला एक खोली करून राहिली. उंची बेताची, आवाज मात्र असा खणखणीत, की वॉर्डाच्या एका टोकाला तिनं हाक मारली तर दुसऱ्या टोकाचे नातेवाईक आपोआप उभे राहत. मनगटभर हिरव्या बांगड्या. ती येण्याआधी त्या बांगड्या यायच्या.

तिची रीत ठरलेली. पोराला मांडीत घ्यायचं, पाय गुडघ्यांत अडकवायचे, डोकं डाव्या कोपरात दाबायचं आणि मोठ्यानं गोंडीत काहीतरी म्हणायचं. गोंडी तिची घरची भाषा. वर्ध्याच्या पोरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. ती चकित होऊन आ वासत, की चमचा आत! आणि एखादं पोर फारच हुशार निघालं, तर त्यावरही उपाय होता. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, ही म्हण आपण राजकारणात वापरतो. सखूबाई ती शब्दशः वापरायची. वाटी रिकामी झाली की ती पालथी करून आईला दाखवायची, "पाह्य! आता काऊन रडून राह्यली तू?" आई पदरानं डोळे पुसायची आणि सखूबाई कुस्ती मारल्यासारखी पुढच्या खाटेकडे निघायची.

सत्त्याण्णव साली या वॉर्डात दिपाली मॅडम आल्या. अमरावतीच्या. वय सव्वीस, खांद्याला झोळी, झोळीत वही. पोरांना बोलायला आणि गिळायला शिकवणं हे त्यांचं काम. गिळायला शिकवायचं असतं, हे ऐकून सखूबाईला इतकं हसू आलं, की तिला हातातली बादली खाली ठेवावी लागली. मॅडम तीन दिवस कोपऱ्यात बसून तिचं भरवणं बघत राहिल्या आणि वहीत लिहीत राहिल्या. सखूबाईला वाटलं, आपलं कौतुक लिहितायत. तिनं त्या तीन दिवसांत जरा जास्तच जोरात भरवलं.

चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "सखूबाई, तुम्ही जेवत असताना मी तुमचं नाक दाबलं तर चालेल?"

"मी काय लहान पोट्टी आहो का?"

"मग लहान पोट्टीला चालतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

झालं! सखूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा दिवस ती मॅडमशी एक शब्द बोलली नाही. बाकी सगळ्या दवाखान्याशी मात्र भरपूर बोलली. "काल आलेली पोट्टी! लगन नाई, लेकरू नाई, आन् मले शिकवते! माही पोरगी सोनम काय हवा खाऊन वाढली का?" सिस्टर हो म्हणायच्या, वॉर्डबॉय हो म्हणायचे. सखूबाईला नाही म्हणायची त्या दवाखान्यात कुणाची टाप होती?

मग प्रफुल आला. सेलूचं दोन वर्षांचं पोर. तीन महिन्यांपूर्वी महिनाभर वॉर्डात होता, आणि रोज दोन्ही वेळा सखूबाईनंच भरवला होता. आता तपासणीला आला होता. आईच्या मांडीवर, दाराकडे पाठ करून बसला होता. हातात बिस्किट. बिस्किट तोंडाशी नेत होता, बघत होता, परत नेत होता. सखूबाई मागून भांडी घेऊन आली. त्यानं तिला पाहिलंच नव्हतं. फक्त बांगड्या वाजल्या, आणि त्या पोरानं बिस्किट फेकून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सखूबाई थांबली. बांगड्या थांबल्या. प्रफुलचे हात हळूहळू खाली आले. तिनं एक पाऊल टाकलं, बांगड्या वाजल्या, हात पुन्हा तोंडावर. आई म्हणाली, "घरी बी असंच करते, बाई. म्या बांगड्या भरल्या का मले पाहून बी तोंड झाकते. काय झालं समजून नाई राह्यलं."

सखूबाईला समजलं. कोणी लाथ मारावी तसं समजलं. आपण या पोराला जेवू घातलं नाही, आपण त्याला भीती घातली. चादरींच्या खोलीत जाऊन ती एवढी रडली, की धोबी दारातूनच परत गेला. मग ती उठली, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून पट्टी उचलली, दोन्ही मनगटांवरच्या बांगड्या पट्टीनं गच्च गुंडाळल्या आणि मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"अहो, काय झालं? हात मोडला की काय?"

"हात ठीक आहे. अक्कल ठिकानावर येऊन राह्यली," सखूबाई म्हणाली. "आता सांगा. पैल्यापासून सांगा."

मॅडमनी पहिल्यापासून सांगितलं. काही पोरं दिवस भरायच्या आत जन्मतात, महिनोन् महिने नाकातून नळी असते. काहींना दुखतं, काहींना ठसका लागतो, काहींच्या जिभेला नुसता ओला भात लागला तरी शहारा येतो. अशा पोराच्या लेखी घास म्हणजे संकट. त्यात आपण त्याला धरून भरवलं, तर ते पोर खायला शिकत नाही, पळायला शिकतं. म्हणून आधी पाहायचं, गिळताना श्वासात तर जात नाही ना. आणि मग अन्नाची ओळख करून द्यायची, हळूहळू. वाटी पोरापुढे ठेवायची आणि आपण आपलं जेवायचं. त्यानं हात घातला तर घालू द्यायचा. कौतुक नाही, रागावणं नाही, तोंडाकडे टक लावून पाहणं तर मुळीच नाही.

"म्हंजे काहीच नाई कराचं?" सखूबाईनं विचारलं.

"हो. तेच सगळ्यात कठीण आहे."

खरोखरच कठीण होतं, बाप्पा! सखूबाईसारख्या बाईला गप्प बसवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? ती तोंडात सुपारीचं खांड धरून बसायची, जीभ अडकून राहावी म्हणून. समोर पोर वरणात कोपरापर्यंत हात घालायचं, डोक्याला चोळायचं, सखूबाईच्या पातळाला पुसायचं, आणि ती भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत आपली भाकर खायची. पण दुसऱ्या महिन्यात एका पोरीनं आपणहून बोट चाटलं, तेव्हा तिला आतून इतक्या उकळ्या फुटल्या, की सुपारीचं खांड गिळलं गेलं.

आई-बापांना समजावण्याचं काम तर मॅडमनी तिच्यावरच सोपवलं. मॅडम शुद्ध भाषेत म्हणायच्या, "मुलाचा अन्नाशी परिचय होऊ द्या." आई-बाप माना डोलवायचे आणि कोरे चेहरे घेऊन निघायचे. सखूबाई त्यांना जिन्यात गाठायची. "मॅडम म्हनते, आधी पोराची आन् अन्नाची वळख होऊ द्या. तुमी तं पोरगी पाहाच्या दिवशीच लगन लावून राह्यले!" मग त्यांना कळायचं. जाताना ते हसत जायचे, आणि आले होते तेव्हा बहुतेक जण रडत आले होते.

अशी चार वर्षं गेली, आणि दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात देवळीहून आचल आली.

साडेतीन वर्षांची पोर, वजन साडेनऊ किलो. सातव्या महिन्यात जन्मलेली, दोन महिने नाकात नळी. तेव्हापासून फक्त बाटलीतलं दूध. तिच्यासोबत चार माणसं आली होती. बाप हेमराज, देवळीच्या बस स्टँडजवळचा किराणा दुकानदार. आई रंजना, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आजोबा सदाशिवराव. आणि आजी शकुंतलाबाई, हातात भली मोठी पिशवी, पिशवीत सात डबे. शिरा, खीर, मऊ भात, पातोडी, आणखी काय काय. डबे टेबलावर मांडत त्या म्हणाल्या, "हिले सारं आवडते. फक्त खात नाई."

तपासण्या झाल्या. घसा ठीक, गिळणं ठीक, श्वासात काही जात नाही. पोर भ्यालेली होती, एवढंच. पण हे 'एवढंच' काही थोडं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी रंजनाला समोर बसवून शांतपणे सांगितलं, रक्त फार कमी आहे, नुसत्या दुधावर आता भागणार नाही. संक्रांतीपर्यंत वाट पाहू. तोवर पोटात घास जायला लागला नाही, तर नागपूरला नेऊन पोटातून नळी घालावी लागेल. त्यात वाईट काही नाही, पुष्कळ पोरं त्या नळीवर छान वाढतात.

रंजनानं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन सखूबाईचा हात धरला. "ताई, माह्या पोरीच्या पोटाले भोक पाडन का वं?"

सखूबाईनं वचन दिलं नाही. वचन द्यायचं नसतं, हे मॅडमनी शिकवलं होतं. पण मनातल्या मनात तिनं ते देऊन टाकलं, आणि दर शनिवारी एसटीनं देवळीला जायची परवानगीही मॅडमकडून काढून घेतली.

पहिल्याच शनिवारी तिला दुखणं सापडलं. आचल दिवसभर दुकानात, बापाच्या गादीशेजारी पाटावर बसलेली असायची. आता आपल्याकडे माणूस भेटला की आपण काय म्हणतो? रामराम राहतो बाजूला. "काय, झालं का जेवन?" असंच म्हणतो. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी हेमराजला नाही, पोरीलाच विचारायचं, "काय वं आचल, जेवली का?" सगळ्या देवळीला ठाऊक होतं, पोर जेवत नाही. त्यामुळे सगळी देवळी जास्तच मायेनं विचारायची. एखादी बाई गुळाचा खडा उचलून थेट तिच्या ओठांवर टेकवायची. दहा ते एक या वेळात सखूबाईनं मोजलं, एकेचाळीस वेळा विचारणा झाली. एकेचाळीस वेळा त्या पोरीनं मान खांद्यात ओढून घेतली. आणि त्यात भर म्हणून दर तासाला मागच्या दारातून शकुंतलाबाई वाटी घेऊन येत, "एक घास काऊचा" म्हणत, आणि पोर तांदळाच्या पोत्यांमागे दडी मारे.

"हेमराजभाऊ," सखूबाई म्हणाली, "पाटी लावा."

हेमराजनं तेलाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं आणि त्यावर लाल रंगानं लिहिलं, 'आचलले जेवनाचं विचारू नये.' झाकण दुकानाच्या दारावर टांगलं.

देवळीत हलकल्लोळ उडाला. लोक नुसती पाटी वाचायला येऊ लागले. पाटी वाचायचे, मान हलवायचे, दुकानात शिरायचे आणि म्हणायचे, "काय वं आचल, जे—" आणि जीभ चावायचे. सवय काय अशी जाते? कुणी "जे... जेठात लय तापलं यंदा" म्हणून वेळ मारून न्यायचं. कुणी "झोपली का?" विचारायचं, भर दुपारी बाराला, समोर पोर टक्क जागी. शेवटी सदाशिवरावांनी कायदा केला, की जो विचारेल त्यानं दुकानापुढे कान धरून उभं राहायचं. आणि पहिलं कोण सापडावं? निवृत्त मुख्याध्यापक प्रभाकरराव गुरुजी! ज्यांनी देवळीच्या दोन पिढ्यांना कान धरून उभं केलं, ते गुरुजी भर रस्त्यावर पाच मिनिटं कान धरून उभे राहिले, आणि त्यांचे जुने विद्यार्थी सायकली थांबवून त्यांना वाकून नमस्कार करून गेले. आचल खदखदून हसली. रंजना धावत बाहेर आली. पोरीचं इतकं मोठं हसणं तिनं आजवर ऐकलंच नव्हतं.

शकुंतलाबाई मात्र ऐकेनात. "माह्या दारून पाव्हना कदी उपाशी गेला नाई," त्या एका शनिवारी सखूबाईवर कडाडल्या, "आन् माहीच नात उपाशी ठेवू? तू आया आहेस सखू, तिची आजी नाई!"

सखूबाई चुलीजवळ त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. एरवी तिनं आवाज चढवला असता. त्या दिवशी चढवला नाही. "काकू, मी बी अशीच होती. तुमच्यापेक्षा वाईट होती," ती म्हणाली, आणि तिनं प्रफुलची गोष्ट सांगितली. बिस्किट, बांगड्या, तोंडावरचे हात, काही लपवलं नाही. शकुंतलाबाईंनी सगळं ऐकलं. बराच वेळ त्या निखारे सारत राहिल्या. मग त्यांनी चहा टाकला. आणि दुसऱ्या दिवसापासून आचलच्या जेवणाच्या वेळी त्या वाटी खाली ठेवून परसात जाऊन बसू लागल्या. तिथं त्या काय करत, तर कोथिंबिरीला पाणी घालत. त्या वर्षी कोथिंबीर पाण्यानं सडून गेली.

पोरीत फरक पडत गेला. पोळ्याच्या सुमारास तिनं वरणात बोट घातलं. दिवाळीत टमाट्याच्या चटणीला जीभ लावली आणि तोंड वाकडं करून पुन्हा लावली. थंडी पडली तेव्हा मुरमुरा तोंडात ठेवायची, इकडून तिकडे फिरवायची आणि थुंकायची. सखूबाई दर शनिवारी तिच्या बाजूला बसून आपला डबा खायची. दोघी झाडांच्या, चिमण्यांच्या, गुरुजींच्या कानांच्या गप्पा मारायच्या. पण घास गिळला नाही. एकही नाही. वजनाचा काटा साडेनऊवर बसला होता, तो काही उठायला तयार नव्हता.

संक्रांत उद्या-परवावर आली आणि डॉक्टरांनी नागपूरची तारीख सांगितली. संक्रांतीनंतरचा मंगळवार.

"माहंच चुकलं," सखूबाई मॅडमना म्हणाली. "कोनीतरी शिकली-सवरलेली पायजे होती तिथं."

"कुणाचंच चुकलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "नळी म्हणजे हार नाही. ती लागली तरी आपण थांबणार नाही, सखूबाई. तिला खायला शिकायचंच आहे." सखूबाईला पटलं. पण पटूनही तिला त्या आठवड्यात अन्न गोड लागलं नाही.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी हेमराजच्या घरच्यांनी शेतात रोडग्यांचा स्वयंपाक केला. पोरीचं सगळं नीट होऊ दे म्हणून. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. दीडशे पानं मांडली होती. सखूबाई आणि मॅडम मानाच्या पाहुण्या. आचल सखूबाईच्या डाव्या बाजूला बसली. तिच्यापुढेही पत्रावळ होती, तीवर सगळ्यातलं थोडं थोडं, आणि नियमाप्रमाणे तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

पण सखूबाईकडे सगळे बघत होते. आपल्याकडे पाहुण्याचं पोट भरलं, हे पाहुण्यानं ठरवायचं नसतं. सखूबाईचे चार रोडगे झाले होते. सदाशिवरावांनी पाचवा वाढला, "आचलची शपथ आहे तुले." तिनं पानावर आडवा हात धरला, तर हेमराजनं बोटांच्या फटीतून तूप सोडलं. "पोटात जागा नाई, भाऊ! खरंच नाई!" ती हसत हसत ओरडली.

मग प्रभाकरराव गुरुजी आले. त्यांनी अर्धा रोडगा फोडला, आतला मऊ भाग वरणात बुडवला आणि खाली वाकून थेट सखूबाईच्या तोंडासमोर धरला. "भरल्या गाड्याला सूप जड होतं का, बाई? माझ्या हातचा एक घास. आ करा!"

सखूबाईनं तोंड फिरवलं आणि ओठ घट्ट मिटले. गुरुजींनी घास त्या बाजूला नेला. तिनं दुसरीकडे फिरवलं. पंगत हसायला लागली.

"नोका ना!"

आवाज बारीक होता, पण अख्ख्या पंगतीनं ऐकला. आचल पत्रावळीवर पाय देऊन उभी राहिली होती. "नाई म्हनते ना ते! तिले नाई पायजे!" आणि तिनं गुरुजींच्या हातातून तो घास हिसकावून घेतला.

गुरुजी गांगरले. चूक त्यांच्या ध्यानात आली, पण मास्तराचा स्वभाव कुठला गप्प बसतो? तोंडातून निघून गेलंच, "मग हे वाया जाईल ना, बेटा. कोण खाईल?"

आचलनं हातातल्या घासाकडे पाहिलं. वरण तिच्या मनगटावरून ओघळत होतं. तिनं सखूबाईकडे पाहिलं, जिचे ओठ अजून मिटलेलेच होते.

"मी खातो," आचल म्हणाली, आणि तिनं तो तोंडात घातला.

आता सांगा, दीडशे माणसांनी अशा वेळी काय करावं? देवळीच्या दीडशे माणसांनी माना खाली घातल्या आणि आपापल्या पत्रावळीतलं वांगं असं निरखायला घेतलं, जणू जन्मात वांगं पाहिलं नव्हतं. सदाशिवराव आभाळात ढग शोधू लागले. आभाळ निळंभोर होतं. कुणीतरी शेजाऱ्याला सोयाबीनचं बियाणं विचारलं, शेजाऱ्यानं उत्तर म्हणून सासुरवाडीचा पत्ता सांगितला. रंजना पाणी वाढत होती, ती पेला भरून वाहिला तरी ओततच राहिली. ज्याच्या मांडीवर पाणी सांडत होतं तोही बापडा आपलं वांगंच निरखत राहिला. मॅडमनी सखूबाईच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो चार दिवस निळा होता. आणि सखूबाई डोळ्यांच्या कोपऱ्यातून पोरीचा जबडा बघत होती. हलतोय. इकडून तिकडे. आता थुंकते, आता थुंकते. जबडा थांबला. तो बारीक गळा वर गेला, खाली आला.

आचल खाली बसली आणि तिनं बोटं चाटली.

नागपूरची तारीख आधी महिनाभर पुढे गेली आणि मग कायमची रद्द झाली, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. ते काही या एका घासानं झालं नाही, पुढच्या शेकडो घासांनी झालं, आणि त्यातले कित्येक थुंकलेही गेले. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक होतं? आणि तेवढ्यात पंगतीच्या वरच्या टोकाकडून, कमरेवर वरणाचं भांडं आणि हातात भरलेली पळी घेऊन, शकुंतलाबाई येत होत्या.

त्यांनीही पाहिलं होतं. त्यांचा चेहराच सांगत होता. एकेक पान ओलांडत त्या आल्या आणि नातीच्या पत्रावळीपुढे उभ्या राहिल्या. साठ वर्षांच्या आयुष्यात त्या हातानं कुणाला विचारून वाढलं नव्हतं.

"वाढू का?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"नाई," आचल म्हणाली.

पळी हवेत होती. वरणाचा एक थेंब पळीखाली जमला, लोंबला आणि मातीत पडला.

"बरं," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या एक पाऊल पुढे सरकल्या, सखूबाईपुढे. "तुले वाढू का?"

"नाई, काकू."

"बरं."

आणि त्या पुढे गेल्या. पाठ ताठ, डोळ्यांतून पाण्याची धार. पुढच्या पानाला विचारलं, त्याच्या पुढच्याला विचारलं. चार पानं झाली, पाच झाली.

"आजी!"

शकुंतलाबाई थांबल्या, पण वळल्या नाहीत. बहुधा वळायची हिंमत झाली नाही.

"आजी, थोडंसं वाढ," मागून आचल म्हणाली.

शकुंतलाबाई परत आल्या. डोळ्यांतल्या पाण्यानं पत्रावळ अशी धूसर दिसत होती, की थोडंसं वरण पत्रावळीत पडलं आणि उरलेलं सगळं सखूबाईच्या नव्या पातळावर. सखूबाई सदाशिवरावांसोबत आभाळातले ढग शोधू लागली.